एका फोटोचे तीन थर: स्लाइड-शोमध्ये जुना फोटो हलवायचा कसा

साठी, पंच्याहत्तरी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, काहीही असो. हॉलमध्ये पडदा लागतो, दिवे मंद होतात आणि जुने फोटो एकामागून एक सरकायला लागतात. पहिले आठ-दहा फोटो सगळे बघतात. मग कुणी फोन काढतं, कुणी जेवणाची पानं मांडली का ते बघायला उठतं. अशात एखाद्या फोटोत मागची चाळ जागच्या जागी राहते आणि पुढे उभा असलेला माणूस जरासा आपल्याकडे येतो. तेवढ्यापुरतं हॉलमधलं बोलणं थांबतं.

हा प्रकार अवघड नाही, वेळखाऊ आहे. आणि वेळ जातो तो बहुतेकांना वाटतं तिथे जात नाही. नवीन माणूस सॉफ्टवेअरमधल्या की-फ्रेमना, म्हणजे हालचालीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणांना, घाबरतो. की-फ्रेमचं काम पाच मिनिटांचं. खरी मेहनत त्याआधी कात्री चालवण्यात, म्हणजे संगणकावर फोटोचे थर कापून वेगळे करण्यात आहे.

उदाहरणाला माझ्याच घरातला एक फोटो घेतो. चार बाय सहाचा प्रिंट. वडील चेतकला टेकून उभे आहेत, एक पाय जमिनीवर, दुसरा फूटबोर्डवर. मागे चाळ, तिचे लाकडी कठडे, दोरीवर वाळत घातलेली धोतरं, वर थोडं आभाळ. पुढे डाव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी सायकलचं अर्धं हँडल घुसलंय. फोटो काढणाऱ्याने ते बाजूला करायला हवं होतं, पण आज तेच हँडल आपल्या सर्वांत जास्त कामाचं आहे.

डोळा कशाने फसतो

एसटीत खिडकीशी बसलात की कडेचे किलोमीटरचे दगड झपकन मागे जातात, शेतातलं आंब्याचं झाड सावकाश जातं, आणि लांबचा डोंगर मात्र बराच वेळ सोबत करतो. जवळचं जास्त हलतं, लांबचं कमी. वेगातल्या या फरकावरून डोळा अंतर ओळखतो. सपाट फोटोचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वेगळा वेग दिला की डोळ्याला तिथेही अंतर दिसायला लागतं. १९३० च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत यासाठी भलामोठा कॅमेरा-स्टँड बांधला होता. काचांवर वेगवेगळे थर रंगवलेले, काचा एकाखाली एक, वर कॅमेरा, आणि प्रत्येक काच वेगळ्या मापाने सरकवायची. आपण तेच करणार आहोत, काचांऐवजी पीएनजी फाइली घेऊन, म्हणजे रिकामा भाग पारदर्शक ठेवणाऱ्या चित्रांच्या फाइली.

की-फ्रेम हा शब्दही त्याच धंद्यातला. मुरलेला चित्रकार हालचालीतली मुख्य चित्रं काढायचा, मधली चित्रं मदतनीस भरायचे. आता मदतनीसाचं काम संगणक करतो. तुम्ही फक्त सांगायचं की या क्षणी हा थर इथे आणि एवढा मोठा, त्या क्षणी तिथे आणि तेवढा मोठा. मधलं तो भरतो.

सॉफ्टवेअर कोणतं

आपल्याकडच्या लग्नाच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं प्रोशो प्रोड्यूसर चालत आलं. ते बनवणारी फोटोडेक्स कंपनी ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली. जुन्या संगणकावर ते आधीच चालू असेल तर खुशाल वापरा. पण नव्याने शिकताना त्याच्यामागे लागू नका, आणि कुणी पेनड्राइव्हवर 'फुल व्हर्जन' देतो म्हणाला तर अजिबात नको. स्लाइड-शोसाठीच बनवलेलं हवं असेल तर पीटीई एव्ही स्टुडिओ आहे. पैसे न घालता करायचं असेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरून उरते; ते व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर आहे, पण फोटोलाही चालतं.

बटणांच्या जागा वेगळ्या, मागचा हिशेब एकच. प्रोशोमध्ये स्लाइड ऑप्शन्समध्ये जाऊन मोशन इफेक्ट्स उघडायचे. पीटीईमध्ये एफ-५ दाबलं की ऑब्जेक्ट्स अँड अ‍ॅनिमेशनची खिडकी येते. रिझॉल्व्हमध्ये प्रत्येक थर वेगळ्या व्हिडिओ ट्रॅकवर ठेवायचा आणि इन्स्पेक्टरमधल्या ट्रान्सफॉर्ममध्ये आकड्यांशेजारचं, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं की-फ्रेमचं बटण दाबायचं. तिन्हीकडे यादीत किंवा टाइमलाइनवर जो थर वर, तो पडद्यावर पुढे.

मोबाइलवर एका बोटात हेच करून देणारी अ‍ॅपं आहेत. वापरून बघा. पण जुन्या, धूसर, कृष्णधवल फोटोत माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, हे त्यांना नीट कळत नाही. मग माणूस पुढे आला की त्याच्या कानाला चिकटून चाळीचा कठडाही रबरासारखा ताणला जातो.

स्कॅन

इथे कंजुषी केली की शेवटपर्यंत भोगावी लागते. पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा धरू. थर ११८ टक्क्यांपर्यंत मोठा करणार असाल तर फोटोची रुंदी निदान २२७० पिक्सेल हवी, नाहीतर शेवटी चित्र मऊ पडतं. सहा इंच रुंदीचा प्रिंट ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केला तर १८०० पिक्सेल मिळतात, म्हणजे अपुरे. ६०० वर ३६०० मिळतात. म्हणून ६००.

मोबाइलने फोटोचा फोटो काढणार असाल तर निदान काच किंवा प्लास्टिक काढून, खिडकीजवळ, ट्यूबलाइट बंद करून काढा. अल्बमचं पान चिकटलं असेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा.

स्कॅन झाला की आधी आडव्या पडद्याच्या मापात कापून घ्या, म्हणजे १६ : ९. ३६०० बाय २४०० मधून ३६०० बाय २०२५ उरतात. वरचं-खालचं मिळून ३७५ पिक्सेल जातात. माझ्या फोटोत आभाळ गेलं, बूट वाचले. बूट का वाचवायचे ते पुढे येईल.

कात्री

फोटोशॉप असेल तर उत्तम. नसेल तर जिंप मोफत आहे, आणि ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपीही या कामाला पुरतं.

आधी कागदावर ठरवा की थर किती. माझ्या फोटोत तीन: मागे चाळ आणि आभाळ, मध्ये वडील आणि चेतक, पुढे सायकलचं हँडल. आभाळ वेगळं कापता आलं असतं, पण त्यासाठी छपराचं एकेक कौल कापत बसावं लागलं असतं, आणि बघणाऱ्याला त्यातलं काहीच कळलं नसतं. पहिल्या प्रयत्नात दोन थर केले तरी पुरे. पाचाच्या वर गेलात तर स्वतःला विचारा की हे कुणासाठी चाललंय.

आपोआप निवड करणारं टूल सुरुवातीला वापरा, कड मात्र हाताने दुरुस्त करा. चित्र २०० टक्के मोठं करून खांद्यापासून सुरुवात करा, कारण खांद्याची रेघ सोपी असते आणि हात बसतो. केस शेवटी. केसांच्या बाबतीत नेमकी कड शोधू नका. मागची थोडी भिंत केसांसोबत राहू द्या आणि तिथली कड मऊ करा. वडिलांच्या डोक्याभोवती बोटभर चाळ त्यांच्यासोबतच हलते, आजवर एकानेही ते ओळखलेलं नाही. बाकी सगळीकडे निवड एक-दोन पिक्सेल आत घ्या आणि एक-दोन पिक्सेल मऊ करा. आत घेतली नाही तर माणसाभोवती मागच्या भिंतीची फिकट रेघ राहते आणि तो कॅलेंडरमधून कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

पुसण्याऐवजी मास्क वापरा, म्हणजे नको तो भाग न पुसता नुसता झाकणारा पडदा. पुसलेलं परत येत नाही. मास्कवर काळ्या-पांढऱ्या ब्रशने चूक कधीही सुधारता येते.

हातांमधली भोकं विसरू नका. वडिलांनी एक हात कमरेवर ठेवलाय. त्या कोपराच्या त्रिकोणातून मागचा कठडा दिसतो. तो त्रिकोण कापायचा राहिला तर हालचाल सुरू झाल्यावर तेवढाच कठडा वडिलांसोबत चालायला लागतो, आणि नजर नेमकी तिथेच जाते.

आता मागच्या थराचं काय? वडील उचलले की चाळीत त्यांच्या आकाराचं भगदाड पडतं. नवीन माणूस इथे अख्खं भगदाड बुजवायला बसतो, अदृश्य कठडे रंगवत दोन तास घालवतो. तसं करायची गरज नाही. वडिलांचा थर त्या जागेवरच असणार आहे. उघडी पडेल ती फक्त कडेची पट्टी, आणि तीही वडील चाळीपेक्षा जेवढे जास्त सरकतील तेवढीच रुंद. हिशेब करून बघा. चाळ पडद्याच्या १ टक्का सरकली आणि वडील ३ टक्के, तर फरक २ टक्के. १९२० पैकी सुमारे ३८ पिक्सेल. स्कॅन साधारण दुप्पट मोठा आहे, म्हणजे स्कॅनवर ७०-७५. हात राखून शंभर पिक्सेलची पट्टी क्लोन टूलने, म्हणजे शेजारचाच भाग उचलून रंगवणाऱ्या ब्रशने, भरली की झालं. आतमध्ये वडील तसेच ठेवले तरी चालतात.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे पहिल्यांदा थर सरकवायचेच नाहीत, फक्त मोठे करायचे. पुढचा थर मागच्यापेक्षा जास्त मोठा होत असेल तर तो आपलं भगदाड स्वतःच झाकत जातो. मग भरायचं राहतं ते कोपराच्या त्रिकोणासारख्या एखाद्या जागी चिमूटभर, आणि हँडलसारख्या कडेच्या वस्तूच्या आतल्या बाजूला एक पट्टी.

फाइली साठवताना दोन गोष्टी पाळा. प्रत्येक थर पीएनजीमध्ये साठवा. जेपीजीत पारदर्शकता राहत नाही, हँडलभोवती पांढरा चौकोन येईल. आणि प्रत्येक फाइल पूर्ण ३६०० बाय २०२५ मापाचीच ठेवा, थराभोवतीची रिकामी जागा छाटू नका. म्हणजे तिन्ही थर सॉफ्टवेअरमध्ये आणले की १०० टक्क्यांवर आपोआप एकमेकांवर बरोबर बसतात. छाटलेत तर प्रत्येकाची जागा डोळ्याने जुळवत बसावं लागतं, आणि ती कधीच पुरती जुळत नाही.

पाय

पहिल्यांदा हा फोटो मी घरच्या कार्यक्रमात दाखवला तेव्हा आतेभाऊ मोठ्याने म्हणाला, "अरे, मामा काय बर्फावर उभा आहे का?" हॉल हसला. त्याचं बरोबर होतं. वडील पुढे येत होते, चाळीसमोरची जमीन जागेवर होती आणि बूट तिच्यावरून घसरत होते.

माणूस कमरेपर्यंतच दिसत असेल तर हा प्रश्न येत नाही. नवशिक्याने असाच फोटो आधी घ्यावा. पाय दिसत असतील तर उपाय टेकूच्या बिंदूत आहे. थर मोठा होतो तो कोणत्या तरी बिंदूभोवती होतो. तो बिंदू आपोआप चित्राच्या मध्यावर असतो, म्हणजे माझ्या फोटोत वडिलांच्या पोटाशी. पोटापासून मोठे झाले की डोकं वर जातं आणि पाय खाली घसरतात. तो बिंदू बुटाशी आणा, जिथे माणूस जमिनीला टेकलाय तिथे. मग चाळ आणि वडील वेगळ्या मापाने मोठे झाले तरी टेकलेली जागा दोघांचीही हलत नाही, वडील जमिनीतून वर उंचावतात. रिझॉल्व्हमध्ये याला अँकर पॉइंट म्हणतात, पीटीईमध्ये सेंटर. तिन्ही थरांना तोच बिंदू द्या. बिंदू हलवल्यावर चित्र जागचं हललेलं दिसलं तर पोझिशन दुरुस्त करून थर पुन्हा जुळवा आणि मगच पुढे जा.

बूट चौकटीच्या आत असतील तरच हे जमतं, म्हणून मघाशी ते वाचवले.

थर आडवे सरकवायचेच असतील तर मात्र पायाखालची जमीन वडिलांच्याच थरात घ्या आणि तिची मागची कड चांगली रुंद मऊ करा, म्हणजे ती चाळीसमोरच्या जमिनीत विरघळून जाईल. फरशी असेल तर फरशीच्या रेघा वाकड्या जुळतात. तिथे सरकवणं सोडून द्या.

आकडे

आता सॉफ्टवेअर उघडा. तिन्ही थर आणा: चाळ खाली, वडील मध्ये, हँडल वर. सगळे १०० टक्क्यांवर असताना पडद्यावर मूळ फोटो जसाच्या तसा दिसला पाहिजे. नसेल दिसत तर कात्रीकडे परत जा.

स्लाइडचा वेळ ठरवा. मी अशा फोटोला पूर्ण दिसण्यासाठी ७ सेकंद देतो, आणि आधी-नंतर दीड-दीड सेकंदाचा डिझॉल्व्ह, म्हणजे एक फोटो विरत जाऊन दुसरा उमटतो तो वेळ. एकूण १० सेकंद फोटो कुठल्या ना कुठल्या रूपात पडद्यावर आहे. पहिली की-फ्रेम शून्य सेकंदाला, दुसरी दहाव्या सेकंदाला. मधल्या सातच सेकंदांत हालचाल बसवली तर डिझॉल्व्ह सुरू होताना चित्र थबकतं आणि बघणाऱ्याला कुणीतरी ब्रेक दाबल्यासारखं वाटतं.

पहिल्या की-फ्रेमला सगळे १०० टक्के. दुसरीला चाळ १०४, वडील १०८, हँडल ११८. आडवी आणि उभी वाढ एकत्र बांधलेली राहू द्या, नाहीतर वडील एकाच बाजूने फुगतात. एवढंच. प्रत्येक थराला दोन की-फ्रेम, एकूण सहा.

आकडे तुमच्या फोटोप्रमाणे बदला. चाल अशी ठेवा की मागचा थर जेमतेम हलावा, मधला त्याच्या दुपटीने, आणि अगदी नाकासमोरचा त्याच्याही दुपटीने किंवा थोडा जास्त. वडील १३० टक्क्यांपर्यंत नेऊन बघितले मी. पुतळा अंगावर चालून आल्यासारखं वाटतं.

सरकवण्याचे आकडे टाकताना सॉफ्टवेअरचं माप बघून घ्या. रिझॉल्व्ह पिक्सेलमध्ये मोजतं, पीटीई आणि प्रोशो टक्क्यांत. एकाचा आकडा दुसऱ्यात तसाच घातला की थर पडद्याबाहेर जाऊन पडतो, मग तो डिलीट झाला असं वाटून माणूस पुन्हा आणतो. आणि फोटोच्या कडेलाच कापली गेलेली वस्तू, आमच्या हँडलसारखी, आतल्या बाजूला कधी सरकवू नका. तिची कापलेली कड पडद्यावर येते आणि हवेत तरंगणारं अर्धं हँडल दिसतं. बाहेरच्या बाजूला हवं तेवढं.

की-फ्रेमच्या वेगाचे पर्याय दिसतील: लिनिअर म्हणजे एकसारखा, स्मूथ किंवा ईझ म्हणजे हळू सुरू होऊन हळू थांबणारा. शिकवणारे बहुतेक जण स्मूथ करायला सांगतात. मला ते इथे पटत नाही. सुरुवात आणि शेवट डिझॉल्व्हमध्ये झाकलेले असताना लिनिअरच बरा. स्मूथ केलं तर नेमकं डिझॉल्व्हमध्ये चित्र मंदावतं आणि वर सांगितलेला ब्रेक परत येतो. सुरुवात किंवा थांबणं प्रेक्षकाला उघड दिसणार असेल, उदाहरणार्थ शेवटचा फोटो पडद्यावर तसाच थांबणार असेल, तर त्या टोकाला स्मूथ.

चालवून बघा. मध्येच झटका बसत असेल तर नव्वद टक्के वेळा कारण एकच: न कळत पडलेली तिसरी की-फ्रेम. रिझॉल्व्हमध्ये एकदा ते चौकटचं बटण दाबलं की पुढे प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवर चालू क्षण दाखवणारी उभी रेघ, जिथे उभा असेल तिथे आकडा बदलताच नवी की-फ्रेम तयार होते. तुम्ही दहाव्या सेकंदावर आहोत असं समजून नवव्यावर आकडा बदललेला असतो. म्हणून आकड्याला हात लावण्याआधी प्लेहेड कुठे आहे ते बघायची सवय लावा, आणि शंका आली तर टाइमलाइनवर की-फ्रेम मोजा. दोनच दिसल्या पाहिजेत.

दुसरी तक्रार असते कठड्यांच्या बारीक पट्ट्या चमचमण्याची. हालचाल फार संथ असली की असं होतं. दहा सेकंदांत ३० पिक्सेल म्हणजे सेकंदाला तीन. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमला पिक्सेलचा दहावा भाग. बारीक, ठळक रेघ एवढ्याशा सरकण्यात एकदा या पिक्सेलवर, एकदा त्या पिक्सेलवर पडते आणि थरथरते. मागच्या थराला किंचित ब्लर द्या, अगदी पिक्सेल-दीड पिक्सेल. थरथर जाते, आणि मागचं जरासं धूसर झाल्याने खोलीही वाढते. हँडलला मात्र भरपूर ब्लर चालतो, कॅमेऱ्याच्या इतक्या जवळची वस्तू स्पष्ट नसतेच.

चाळीस फोटोंच्या स्लाइड-शोमध्ये मी असे पाच-सहाच फोटो करतो. बाकीच्यांना एकच साधा झूम, काहींना तोही नाही. सगळेच हलवले तर चौथ्या फोटोनंतर लोकांना गाडी लागते. समूह फोटोला तर हात लावूच नका. तीस माणसांच्या कडा कापायला रविवार जातो आणि शेवटी प्रत्येक जण आपलाच चेहरा शोधत असतो.

हॉलवर

एक्सपोर्ट १९२० बाय १०८०, ३० फ्रेम, एमपी-४, एच-२६४. एच-२६५ ची फाइल लहान होते, पण हॉलमधला जुना टीव्ही किंवा मांडववाल्याचा लॅपटॉप ती उघडेलच असं नाही. पेनड्राइव्ह फॅट-३२ फॉरमॅटचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही. एक्सफॅट करून घ्या किंवा फाइल लहान करा, आणि टीव्हीला एक्सफॅट चालतं का तेही बघा. आदल्या दिवशी शक्य नसेल तर निदान पाहुणे यायच्या तासभर आधी तिथल्याच मशीनवर, तिथल्याच पडद्यावर पूर्ण चालवून बघा. प्रोजेक्टर ४ : ३ चा निघाला तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. मशीनवाला पडदा भरायला चित्र ताणू लागला तर त्याला थांबवा, चेतक उभी ताणलेली बरी दिसत नाही.